रावजीचा एक

15 जून 1998, सोमवार

आले बाई एकदाची नाशिकला! डोंबिवलीहून निघताना आईने असं डोळ्यांना पाणी आणलं, जसं काही मी सातासमुद्रापार चाललेय. स्टेशनवर उतरल्यावर कळलं की नाशिकरोड म्हणजे नाशिक नव्हेच. गावात येईपर्यंत रिक्षावाल्याने मला द्राक्षांच्या भावाची आणि स्वतःच्या तिन्ही मेव्हण्यांची माहिती दिली.

खोली कॉलेज रोडला, सविताताईंच्या बंगल्यामागे. वेगळं दार, दारात पेरू, मोरीत पाण्याचं निळं पिंप. सविताताईंचं टोल्यांचं घड्याळ भिंतीपलीकडून खणखणीत ऐकू येतं. त्यांनी आल्या आल्या पोहे दिले आणि लग्न का नाही झालं ते विचारलं, दोन्ही गरमागरम. मला आवडल्या बाई.

ही वही बाबांची भेट. अट एकच, मराठीत लिहायचं. लिहिते की! पण आकडे इंग्रजीच राहणार, आधीच सांगून ठेवते. बारा वर्षं कॉन्व्हेंटात काढल्यावर मराठी आकड्यांपाशी माझं घोडं अडतं.

17 जून, बुधवार

संस्था सोमेश्वरच्या पुढे, गंगापूर धरणाकडे जाताना लागते. दुमजली, शांत, मागे चिंचा. प्रमुख आहेर सर. कमी बोलतात, पण बोलले की कामाचं. मी त्यांची नवी संशोधन सहायक, मोहिनी मॅडम! पहिल्यांदाच कुणीतरी मॅडम म्हणालं. दिवसभर मनातल्या मनात उड्या मारत होते.

काम काय ते बाबांना कळावं म्हणून सोपं करून लिहिते. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात, तो ग्लुटामेट नावाच्या रसायनातून. निरोप घ्यायला पेशीवर एक दार असतं, त्याला रिसेप्टर म्हणायचं. ते दार कसं घडवायचं ते ज्यात लिहिलेलं असतं, ते आमचं जनुक. उंदराच्या डोक्यात बारीक नळी बसवून आम्ही रोज एक थेंब औषध सोडतो. त्याने ते जनुक गप्प बसतं, नवी दारं घडत नाहीत. मग बघायचं, उंदराला आता काय जमत नाही? सरांचं म्हणणं, त्याला जुनं सगळं आठवतं, पण नवं काही म्हणजे काही लक्षात राहत नाही.

उंदरांची सगळी देखभाल रावजीकडे. पेठच्या पुढच्या डोंगरातला माणूस, इथे चौदा वर्षं झाली. उंदीर हा शब्द तो उच्चारत नाही. मामा म्हणतो, आणि त्या खोलीला मामाघर. मला दटावलंनच, नाव घेऊन बोलायचं नाय, त्येंना समदं ऐकू येतं. आजीसुद्धा असंच सांगायची, उंदरांना नावं ठेवली की ते बरोबर तुमचीच साडी कुरतडतात. मी हसले, तर पठ्ठ्याही हसला.

पिंजऱ्यांची छापील कार्डं संपली की रावजी स्वतः पेनाने लिहितो. बजावून म्हणाला, बाई, माझं आकडं मराठी हायेत, बघून वाचा, माझा एक शेपटीवाला हाय. खरंच की! त्याचा १ म्हणजे हुबेहूब माझा 9. लक्षात ठेवते म्हणाले.

4 जुलै, शनिवार

आज हौद पाहिला. मोठा गोल हौद, त्यातलं पाणी दुधाची पावडर घालून पांढरं करतात. पाण्याखाली बोटभर खोल एक पाट लपवलेला असतो. मामांना पाण्यात सोडायचं, ते पोहत पोहत पाट शोधून त्यावर चढतात. साठ सेकंदांत नाही सापडला तर आपण उचलून घ्यायचं. त्या साठ सेकंदांत हौदापासून हलायचं नाही, हा इथला सगळ्यात मोठा नियम. आहेर सरांनी तो मला तीनदा सांगितला.

एक नंबरचा उंदीर खरोखरच एक नंबर आहे. त्याला औषध देत नाहीत, नुसतं मिठाचं पाणी. दोन महिन्यांनी सोडलं तरी चार सेकंदांत पाटावर, आणि वर बसून मिशा पुसतो. सरांची दोन वर्षांची सगळी तुलना त्याच्यावर उभी आहे. रावजी त्याला खांद्यावर घेऊन फिरतो.

रावजीची एक गंमत. एखाद्या उंदराला शेवटचं न्यायचं असलं की तो पिंजऱ्याशी वाकून त्याच्या वतीने हळूच म्हणतो, येतो. माणसानं निघताना येतो म्हणावं, जातो म्हणू नाय, मग ह्या जिवानं तरी जातो का म्हणावं, असा त्याचा हिशेब. मीही आता संध्याकाळी निघताना मामाघरात डोकावून येते हं म्हणते. सवय लागली.

24 ऑगस्ट, सोमवार

सर बंगळूरला गेलेत, 31 ला येतील. जाताना मला मोठं काम देऊन गेले. 9 नंबरला औषधाचा सगळ्यात मोठा डोस, रोज एक थेंब, पाच दिवस. शनिवारी पाटाची जागा बदलून त्याला हौदात सोडायचं. एवढी एक नोंद झाली की शोधनिबंध पाठवायचा, त्यावर माझंही नाव येणार! बाबांना फोन करून सांगितलं.

परवाच रावजीने पिंजरे धुऊन जागा बदलल्या, कार्डं नवी लावली. सकाळी घाई होती, पण 9 लगेच सापडला, वरच्या रांगेत, हाताशीच. परत शोधायला नको म्हणून पिंजऱ्याला लाल दोरा बांधून माझ्या टेबलाशी ठेवला. उचलला तर थेट खांद्यावर चढून बसला. हा कधी इतका माणसाळला कोण जाणे.

25 ऑगस्ट, मंगळवार, गणेश चतुर्थी

सुट्टी असूनही गेले, थेंब चुकवून कसं चालेल. रावजी आधीच हजर. मोदकाचा कण कण प्रत्येक पिंजऱ्यात ठेवत होता. आज तरी मामांना काय करू नका म्हणत होता. मी म्हटलं रावजी, बाप्पांना माझं काम माहीत आहे. तो माझ्या टेबलाजवळ आला नाही, रुसला असावा. आला असता तर समजूत काढली असती.

असो. सविताताईंकडे उकडीचे मोदक हादडले, सात.

29 ऑगस्ट, शनिवार



त्याला पाण्यात सोडलं आणि तेवढ्यात ऑफिसातून हाक आली, आईचा फोन. ठाण्याचं स्थळ. दहा मिनिटं बोलले असेन. परत आले तर तो अजून पोहत होता, जेमतेम. पाट आज उजवीकडे होता आणि तो डावीकडे, जुन्या जागेवर, तिथल्या तिथे गोल गोल फिरत होता. ती जुनी जागा त्याला पाठ होती. हा नऊ नव्हता. नऊ नंबरला कधीच काही पाठ नव्हतं.

उचलला तर माझं बोट कडकडून चावला आणि हातातच गेला.

धावत जाऊन पिंजऱ्यावरचं कार्ड पाहिलं. शेपटीवाला. रावजीचा एक.

कार्ड काढून घेतलं. या वहीत आहे.

31 ऑगस्ट, सोमवार

सर आले. मामाघरात उभे राहून त्यांनी मला विचारलं, एक नंबर कसा मेला? मी रस्ताभर खरं तेच घोकत गेले होते. आणि तोंडातून काय निघालं, तर रावजीने कार्डांची अदलाबदल केली. पिंजरे धुताना घोटाळा केला, मी लिहिलं होतं त्याप्रमाणेच डोस दिला. इतकं सफाईदार बोलले मी, स्वतःचीच मला किळस आली. बाकीचे अकरा मामा पिंजऱ्यात अगदी स्थिर बसले होते. एकानेही खाणं कुरतडलं नाही.

सरांनी रावजीला बोलावलं. तो म्हणाला, साहेब, माझ्या हातनं असं व्हनार नाय. कार्ड कुठे म्हटल्यावर त्याला दाखवता येईना. कसं येणार? माझ्याकडे होतं. माझ्याकडे त्याने एकदाच पाहिलं. त्याला कळलंय.

1 सप्टेंबर, मंगळवार

रावजीला घरी बसवलं. 19 तारखेला, शनिवारी, अकरा वाजता समिती बसेल आणि कायमचं काढायचं की ठेवायचं ते ठरवील. चौदा वर्षं. घरी बायको झुंबरबाई, म्हातारी आई.

निघताना मामाघराच्या दारात मी उभी होते. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, या हं रावजी. तो थांबला. म्हणाला, जातो बाई.

जातो म्हणाला.

5 सप्टेंबर, शनिवार

चाळीस मिनिटं. दहा नव्हे. ठाण्याचा मुलगा, त्याचा फ्लॅट, त्याची बहीण, सगळं सगळं बोलले मी त्या फोनवर, मधून मधून हसत. इथे तरी खरं लिहू दे.

खाई त्याला खवखवे म्हणतात. रोज भात पानात टाकून उठते. बोट सुजलंय. खोलीत सायीचा वास येतो, दूध मी घेतच नाही.

8 सप्टेंबर, मंगळवार

सकाळी मोरीपासून पलंगापर्यंत बारीक ओल्या पावलांचे ठसे, पांढरट. पुसले. दुपारी जेवायला आले तर पुन्हा. सविताताई म्हणाल्या, चिचुंद्री असेल. ठसे भिंतीला धरून एकाच जागी गोल गोल होते. चिचुंद्री अशी फिरत नाही.

11 सप्टेंबर, शुक्रवार

सविताताई म्हणाल्या, काल तू हेच विचारलंस, परवाही. काय विचारलं ते मला आठवेना. रावजीच्या जागी नवा माणूस रुजू झालाय, त्याचं नाव आज चौथ्यांदा विचारलं म्हणे. डोंबिवलीचं सगळं स्वच्छ आठवतं. शाळेतल्या मुलींची हजेरी तोंडपाठ. या आठवड्यातलं —

बोटातून ते औषध मेंदूत जाऊच शकत नाही. मी शिकलेय, मला माहीत आहे. शक्य नाही.

आणि समजा, नसेलच औषध, तर? तर मी सोयीने विसरतेय. ते जास्त वाईट.

14 सप्टेंबर, सोमवार

ठरलं. शनिवारी समितीपुढे उभी राहून सगळं सांगणार. चूक माझी, खोटं माझं. रावजीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, 17 जूनच्या पानावर माझ्याच अक्षरात आहे. वही दाखवणार, कार्ड दाखवणार. नोकरी जाईल, जाऊ दे. लिहून ठेवते म्हणजे विसरणार नाही. शनिवार, 19, सकाळी 11. शनिवार, 19, सकाळी 11.

आज पहिल्यांदा पोटभर जेवले.

17 सप्टेंबर, गुरुवार

पिंपात आवाज. झाकण काढलं, काही नाही. पाणी पांढरं. सगळं ओतून दिलं, घासलं, भरलं. पांढरं.

शनिवार. विसरायचं नाही.

19 सप्टेंबर, शनिवार

आज काही विशेष नाही. सविताताईंनी घावन दिले. दुपारी छान झोप लागली.

21 सप्टेंबर, सोमवार

देवा रे. देवा.

सरांकडे गेले, म्हटलं समितीपुढे मला बोलायचंय. ते बघतच राहिले. समिती शनिवारी झाली, म्हणाले, तुम्ही होतात की. कागद काढून दाखवला. रावजी यांनी माझ्यासमक्ष कार्डे बदलली. माझ्यासमक्ष! एवढं तर मी आधीही बोलले नव्हते. खाली सही. माझीच, म मधला वळसासुद्धा. उंदराला मांजर साक्ष. रावजी समोर बसला होता म्हणे.

तिथल्या तिथे सांगायला तोंड उघडलं, आणि काय सांगायला आले होते तेच — सर वाट बघत होते. मी म्हटलं, काही नाही सर. घरी येऊन ही वही वाचली तेव्हा कळलं.

सर गुरुवारी 24 ला दोन वर्षांसाठी अमेरिकेला चाललेत. दुपारी एकला संस्थेतून गाडी निघणार. तोवर ते एक ओळ लिहून निर्णय फिरवू शकतात. नंतर कागद विश्वस्तांकडे, मग कुणी हात लावणार नाही. गुरुवार, दुपारी एकच्या आत.

22 सप्टेंबर, मंगळवार

पेठला गेले, रावजीच्या पाया पडायला. एस.टी.ने दोन तास, पुढे चालत. झुंबरबाई नाचणी पाखडत होत्या. मला बघून त्यांनी सूप खाली ठेवलं. मी रडत रडत सगळं सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या, मान हलवत होत्या, पाणी दिलं.

मग म्हणाल्या, बाई, तुमी परवा बी आल्ता. त्येच्या दोन दिस आदी बी. हेच बोलल्या, अशाच रडल्या.

पर्समध्ये पाहिलं. पेठची तिकिटं. पाच, आजचं धरून.

रावजी म्हणाला, मला सांगून काय उपेग? साहेबाला सांगा. मला फाटकातून आत घेत नायत, आन घेतलं तरी माझं कोन ऐकंल? तुमच्या तोंडानं खोटं गेलं, तुमच्या तोंडानंच खरं जाऊ द्या. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

म्हणजे मी सारखी तिथे जाते. जिथे काही उपयोग नाही तिथेच, गोल गोल. पाट दुसरीकडे आहे आणि मी —

23 सप्टेंबर, बुधवार

परत पेठला. पर्समध्ये आठ तिकिटं. झुंबरबाईंनी आत घेतलं नाही, ओसरीवर बसवलं. त्यांची सासू मला बघून घाबरली.

रावजीनेच शेवटी माझा हात धरला. म्हणाला, तुमची वही बिही ऱ्हाऊ द्या, बाई, अंगावरच लिव्हतो, म्हंजे तरी चुकनार नाय. तळहातावर पेनाने लिहिलंन, सर, खाली वाजायचा आकडा. पुसू नका म्हणाला. पाण्यात हात घालू नका.

निघताना मी येते म्हणाले. 

कार्ड सापडत नाही. या पानांत होतं. कागद आहे, शाई नाही.

24, गुरुवार

सविताताईंच्या कॅलेंडरवर 24. माझ्या घड्याळात साडेबारा.

वहीची मागची पानं चिकटलीत. ओली, सायीचा वास. ओढली तर फाटतात, वाचता येत नाही. पण तळहात आहे! कुणीतरी निळ्या शाईत लिहून दिलंय. सर. त्याखाली आकडा.

9.

नऊ वाजता सरांना भेटायचं. काय सांगायचं ते आठवतंय, खरंच आठवतंय. रावजीने काही केलं नाही. मी केलं. खोटं मी बोलले. बघ, आठवलं! छातीवरचा धोंडा उतरला. या वेळी चुकणार नाही. नऊ म्हणजे रात्रीचे, बराच वेळ आहे. तोवर साडी इस्त्री करीन. नीट उभी राहून सांगीन. रावजी उद्या मामाघरात असेल, त्याला पहिला चहा देईन मी.

पिंपात पोहतंय. डावीकडे, त्याच जागी. ऐकू येतंय, नखं प्लॅस्टिकवर. बिचारा दमलाय. मी उठून उचलीन त्याला, साठ सेकंद झाले की — हात भिजवायचा नाही. का बरं? कुणीतरी बजावलं होतं.

नऊ. नऊ. नऊला जायचं. जाते म्हणू नये, येते म्हणावं.

सविताताईंच्या घड्याळाचा टोला पडला. एकच. म्हणजे अजून आठ तास हातात आहेत.

हा नऊ किती वळणदार काढलाय. शेपटी केवढी. शेपटीवाला असं कोण म्हणायचं — माझा — बाई, बघून वाचा, माझा शेपटीवाला —